देवगाव रंगारीत दोन दिवस

दौलताबाद, खुलताबाद आणि वेरूळ मागे टाकून कसाबखेड्यावरून पश्चिमेकडे निघाले की देवगाव रंगारी येते. तालुका कन्नड, जिल्हा औरंगाबाद, म्हणजे आताचा छत्रपती संभाजीनगर. वेरूळची लेणी पाहून शिर्डीला जाणाऱ्या गाड्या याच बाजूने जातात, पण थांबतात फार थोड्या. उत्तरेला कन्नड आणि त्यापुढे औट्रम घाट, दक्षिणेला लासूर स्टेशन. लासूरला मनमाड-हैदराबाद रेल्वे भेटते. निजामाच्या काळापासून या भागातली माणसे मजुरीला, शिक्षणाला, दवाखान्याला आणि सोयरिकीला त्याच रुळांवरून ये-जा करत आली आहेत. रंगारी म्हणजे कापड रंगवणारा. तो धंदा गावाच्या नावात राहून गेला आहे. शिवारात आता कापूस, मका आणि आले. गाव मोठे आहे, पोलीस ठाणे आहे, शाळा आहेत आणि अजान ऐकून घड्याळ लावणारे दुकानदारही आहेत.

आम्ही दोघे तिथे गेलो ते दिवाळी उलटल्यावर. आमच्या नात्यातल्या एक बाजी त्या परिसरातल्या शाळेत शिकवतात. दोन वर्षांपासून त्यांचा आग्रह होता. फोनवर म्हणाल्या, "पोरी पळवल्या जातात यावर सगळेच लिहितात. सापडलेली पोर घरी आल्यावर तिचे काय होते, ते बघायला या. आणि बघायला या म्हणजे तिला बघायला नव्हे, आम्हाला बघायला या." हे शेवटचे वाक्य आम्हाला तेव्हा नीट कळले नव्हते.

दिवाळीनंतरचे दिवस या भागात पांगापांगीचे असतात. तालुक्यातल्या तांड्यांवरून आणि वस्त्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांत चूल, सरपण, पिठाचे डबे, कोंबड्या, शेळी आणि त्या सगळ्यावर बसलेली मुले. हिशेब कोयत्यावर चालतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम जोडीला हंगामाआधीच उचल देतो. ती आता लाखाच्या आसपास किंवा त्याहून वर असते आणि घेतली की फेडूनच सुटका. एकट्या माणसाला उचल निम्मीच मिळते, म्हणून पोराचे लग्न लवकर लावायचे आणि त्यासाठी कोणाची तरी पोर लवकर द्यायची, हे गणित मराठवाड्यात सगळ्यांना ठाऊक आहे. बाजींच्या वर्गातले काही बाक या दिवसांत मोकळे पडतात. गावात थांबणाऱ्या मुलांसाठी सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे, म्हणजे आईबाप तोडीला गेले तरी पोर गावात राहावे, जेवावे, शाळेत जावे. जिथे ती खरोखर चालते तिथे ती बहुधा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगली आश्रययोजना आहे, कारण पोर हरवण्याच्या आधीच तिला छप्पर मिळते.

आपल्या मोहल्ल्यातली मुले उसाला कमी जातात. ती बेकरीत जातात, गॅरेजवर जातात, भंगाराच्या गोदामात, पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत. नेणारा माणूस ओळखीचा असतो. "मामूंच्या गावचा आहे", "आपल्यातलाच आहे" एवढी चौकशी पुरते. मुलगी असेल तर घरकामाला, नाहीतर निकाहाला. तस्करी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काळ्या काचांची गाडी येते, तोंडावर रुमाल येतो. प्रत्यक्षात निघताना पोरीच्या हातात नवीन चपला असतात आणि तिला निरोप द्यायला सगळे घर एसटी स्टँडवर आलेले असते.

कायद्याला हे माहीत आहे. २०१३ साली भारतीय दंड संहितेतले कलम ३७० बदलले गेले, आणि जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम १४३ त्याच्या जागी आहे. शोषणासाठी माणसाला धमकीने, फसवून, आमिष दाखवून किंवा त्याचा ताबा असणाऱ्याला पैसे देऊन नेणे, ठेवणे, हवाली करणे, हे सगळे त्यात येते. ज्याला नेले त्याची 'मर्जी होती' हा बचाव चालत नाही. शोषण म्हणजे फक्त कोठी नव्हे. गुलामीसारखी मजुरीही त्यात आहे. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात २०२२ साली हे सगळ्यांना दिसले. इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी वस्तीवरची दहा वर्षांची एक मुलगी नगर जिल्ह्यात मेंढ्या राखायला दिली गेली होती. ती बेशुद्ध अवस्थेत रात्री घरापाशी आणून टाकली गेली आणि सप्टेंबरमध्ये दवाखान्यात वारली. त्यानंतर चौकशी झाली तेव्हा कळले की अशी आणखी मुले काही हजार रुपये आणि एखादे मेंढरू यांच्या बदल्यात गेली होती. आईबाप विकणारे होते असे म्हणून आपण मोकळे होऊ शकतो. पण ज्या घरात पावसाळ्यात चूल पेटत नाही, त्या घरात "पोर तिथे निदान जेवेल तरी" हे वाक्य बोलले जाते, आणि ते खोटे नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजी आम्हाला एका घरी घेऊन गेल्या. इथून पुढे आम्ही काही नाती आणि काही तपशील बदलून लिहीत आहोत. बालन्याय कायद्याचे कलम ७४ अशा मुलांची ओळख छापायला बंदी करते. कायदा नसता तरी आम्ही हेच केले असते.

घर फुफींचे. फुफी साठीच्या, विधवा, दारात चार शेळ्या. त्यांच्या भावाची मुलगी पंधराव्या वर्षी लांबच्या एका नातेवाईक बाईबरोबर शहरात घरकामाला गेली. सहा महिने पैसे आले, मग फोन बंद झाला. ती दुसऱ्या राज्यात 'लग्न' लावून दिली गेली होती. दिली म्हणजे पैसे घेऊन दिली. तिथल्या शेजारणीने पोलिसांना कळवले तेव्हा सुटका झाली. काही महिने तिथल्या बालगृहात, जिथे कोणाला मराठी येत नव्हते आणि हिची दखनी कोणाला पुरती कळत नव्हती. मग कागदपत्रे फिरून आपल्या जिल्ह्याच्या बालकल्याण समितीसमोर, मग इथल्या बालगृहात, आणि अठरा पूर्ण होताना घरी.

घरी म्हणजे बापाच्या घरी नाही. बाप न्यायला तयार होता. चाचांनी पाय आडवा घातला. धाकट्या बहिणीची सोयरीक ठरत होती, लोक विचारतील, काय सांगायचे? दोन दिवस खलबत चालले. तिसऱ्या दिवशी फुफी एसटीने शहरात गेल्या आणि पोरीला घेऊन थेट आपल्या घरी आल्या. "भावाला म्हणाले, तू धान्य पाठव, बाकी माझ्याकडे." धान्य येते. चाचा अजून या दारात आलेले नाहीत.

फुफी शाळा शिकलेल्या नाहीत, पण त्यांनी केले ते बालगृहाच्या समुपदेशकांनी वहीत लिहून घ्यावे असे आहे. पोर पहिले काही आठवडे उशाखाली भाकरी लपवायची. भाकरीला बुरशी यायची, मुंग्या यायच्या. फुफी रागावल्या नाहीत. एक झाकणाचा पत्र्याचा डबा आणला आणि सांगितले, हा तुझा, यात तू काहीही ठेव, कोणी उघडणार नाही. पोर रात्री आतून कडी लावून, वर पेटी ओढून झोपायची. फुफींनी आपली खाट त्याच दाराबाहेर टाकली. तिला काही विचारले का, असे आमच्या घरच्यांनी विचारले. "जेवलीस का, एवढेच विचारायची मी. बाकी तिने सांगितले तेव्हा ऐकले. एकदा पहाटे सांगितले. मग फजरची नमाज पढलो दोघी."

मोहल्ल्यातल्या बायका विचारायच्या, इतके दिवस कुठे होती पोर? फुफींचे उत्तर ठरलेले, "माझ्याकडे." आम्ही हसलो तर म्हणाल्या, "खोटे बोलायचा गुनाह माझ्या नावावर लिहिला जाईल. लिहू दे."

हे सगळे होताना पोर आतल्या खोलीत होती. चहा घेऊन आली, सलाम केला, गेली. बाजींनी फोनवर "आम्हाला बघायला या" असे का म्हटले होते, ते तिथे उलगडले.

एका फुफीवर भरवसा ठेवून सगळ्यांचे भागत नाही, म्हणून बालगृहे लागतात, आणि ती कशी असावीत हे आपल्या राज्यात फार महागात पडून शिकले गेले आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कामाठीपुरा भागात मोठे छापे पडले. चारशेहून अधिक मुली सोडवल्या गेल्या, त्यातल्या जवळपास निम्म्या नेपाळच्या. सोडवणे एका दिवसात झाले, ठेवायचे कुठे याची तयारी नव्हती. सरकारी गृहांत दाटी झाली, मुली आजारी पडल्या, काहींचा जीव गेला, काही पळाल्या. त्या आमच्याच आहेत हे मान्य करायला नेपाळ सरकारने वेळ घेतला. शेवटी तिथल्या संस्थांनी पुढे येऊन शंभराहून जास्त मुली परत नेल्या. मुलगी कोठीतून निघाली आणि कोंडवाड्यात गेली तर तिच्या लेखी फरक काय, हा प्रश्न तेव्हापासून या कामात आहे.

त्याच कामाठीपुऱ्यात प्रीती आणि प्रवीण पाटकर यांच्या 'प्रेरणा' संस्थेने १९८८ साली रात्रीचे पाळणाघर सुरू केले होते. कल्पना साधी. आई रात्री धंद्यावर असते तेव्हा तिचे मूल खाटेखाली किंवा रस्त्यावर असते, आणि त्याच वेळी दलालाची नजर त्याच्यावर पडते. तेवढी रात्र त्याला दुसरीकडे झोपायला जागा द्या. जेवण, अभ्यास, अंथरूण, सकाळी शाळा. आपल्याकडच्या बाजूला अहमदनगरला, आता अहिल्यानगर, गिरीश कुलकर्णी यांनी १९८९ साली 'स्नेहालय' सुरू केले, तेही लालबत्तीतल्या बायकांच्या मुलांपासून. या दोन्ही संस्थांचा आरंभ सुटका करण्यापासून नाही, झोपण्याच्या जागेपासून आहे, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

'प्रेरणा'च्याच अर्जावर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००२ मध्ये एक निकाल दिला. छाप्यात सापडलेल्या अल्पवयीन मुलींना सोडवून नेण्यासाठी वकील उभे राहायचे, 'पालक' हजर व्हायचे, आणि मुली पुन्हा त्याच बाईच्या हाती जायच्या. न्यायालयाने सांगितले की अशी मुलगी गुन्हेगार नाही, ती काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले बालक आहे. तिचे वय तपासा, तिला बालकल्याण समितीसमोर न्या, आणि घर खरे आहे का हे पाहिल्याशिवाय कोणाच्या हवाली करू नका. आज देवगावच्या ठाण्यात असे मूल आले तरी हाच रस्ता आहे. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत समितीसमोर. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात किमान एक बाई. समिती घरची चौकशी करवते, मग ठरवते. ही चौकशी लांबते तेव्हा आईबाप चिडतात, "आमचेच पोर आम्हाला देत नाहीत" म्हणतात. ज्या नातेवाईकाने फुफींच्या भाचीला नेले, तीही घरचीच होती.

आता थोडे कडू बोलायचे आहे, आणि ते आपल्या आपल्यात बोललेले बरे. वर हैदराबादच्या रेल्वेचा उल्लेख केला. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हैदराबादहून दिल्लीला निघालेल्या विमानात एक लहान मुलगी रडत होती आणि तिच्या शेजारी साठीचा एक अरब बसला होता. हवाई सुंदरीने विचारपूस केली तेव्हा कळले की हा तिचा नवरा. मुलगी दहा-अकरा वर्षांची. ती वाचली, पण पुढे तिला सरकारी आश्रयगृहात राहावे लागले आणि ती कोणाची, बापाची की नवऱ्याची की सरकारची, यावर कोर्टात वाद चालला. देशभर बोभाटा झाला. त्याला सव्वीस वर्षे झाल्यावर, सप्टेंबर २०१७ मध्ये, हैदराबाद पोलिसांनी अशाच निकाहांच्या प्रकरणात ओमान आणि कतारचे आठ नागरिक पकडले, आणि त्यांच्याबरोबर तीन काझी. त्यातले एक मुंबईचे होते.

निकाहनाम्यावर वय लिहिलेले असते, दोन साक्षीदारांच्या सह्या असतात, मेहरचा आकडा असतो. मुलीचा जन्मदाखला कोणी मागितला होता का, मुलाकडच्यांचे गाव कोणी पाहिले होते का, मेहर मुलीच्या हातात गेला की मधल्या माणसाच्या, हे विचारणे काझींचे काम आहे आणि वलीचेही. ते विचारले नाही तर तो कागद निकाहाचा राहत नाही, पावती होते. देवगावच्या एका मौलाना साहेबांशी चहाच्या टपरीवर याबद्दल बोलणे निघाले. ते म्हणाले, बाहेरगावची सोयरीक असेल तर आम्ही आता त्या गावच्या जमातीचे पत्र मागतो. काही लोक नाराज होतात आणि दुसऱ्या मौलवीकडे जातात. "जाऊ द्या," ते म्हणाले, "पण मी त्या मौलवीलाही फोन करतो."

टपरीवरच्याच एका तरुणाने दुसरी बाजू काढली, आणि ती टाळता येणार नाही. लासूरहून पॅसेंजरने तासा-दोन तासांवर मनमाड आहे. ३० मे २०२३ रोजी बिहारच्या अररिया भागातून पुणे आणि सांगलीकडच्या मदरशांत शिकायला येणारी ५९ मुले दानापूर-पुणे एक्स्प्रेसमधून तस्करीच्या संशयावरून उतरवली गेली, काही भुसावळला आणि काही मनमाडला. बरोबरच्या पाच जणांना अटक झाली, कलम ३७० लागले, सुमारे चार आठवडे ते तुरुंगात होते. मुले बारा दिवस नाशिक आणि जळगावच्या बालगृहांत. मार्च २०२४ मध्ये रेल्वे पोलिसांनी गैरसमजातून गुन्हा दाखल झाल्याचे म्हणत प्रकरण बंद केले. तरुण विचारत होता, "मग आम्ही या कायद्यावर भरवसा का ठेवायचा? दाढी-टोपी दिसली की तस्कर?"

प्रश्न रास्त आहे. त्या पाच जणांचे महिने आणि इभ्रत कोणी भरून देत नाही, आणि पोरांचे ते बारा दिवसही. आठ वर्षांचे पोर, गाडीतून उतरवलेले, आपल्या उस्तादला बेड्या पडताना पाहिलेले, भोवती अनोळखी भाषा. संशयाला धर्म पाहून धार येते हे आपण रोज अनुभवतो. पण यातून "आपल्या मुलांना कोणी हातच लावू नये" असा अर्थ काढणे आम्हाला पटत नाही. बिहारमधलीच मुले, बहुतेक आपल्याच बिरादरीची, मुंबईच्या जरी कारखान्यांत पंधरा-पंधरा तास मान खाली घालून टाके घालत होती आणि २००५ च्या छाप्यांत शेकड्यांनी बाहेर आली. त्यांनाही असेच कोणीतरी, असेच गाडीतून, शिकायला नाहीतर काम शिकायला म्हणून आणले होते. गाडीत बसलेल्या दोन रांगा बाहेरून सारख्याच दिसतात. म्हणून मदरशाने पोरे आणताना प्रत्येकाच्या आईबापाचे सही-अंगठ्याचे पत्र, आधार, दाखल्याची चिठ्ठी, आणि पोराला तोंडपाठ असलेला घरचा फोन नंबर बरोबर ठेवावा, निघण्याआधी पोहोचायच्या गावच्या पोलीस ठाण्याला कळवावे. त्याने अपमान टळेलच असे नाही, निदान तो बारा दिवस चालणार नाही. आणि ज्याच्याजवळ यातले काही नाही त्याच्याबद्दल आपल्यालाही शंका येऊ द्यावी.

संध्याकाळी बाजींच्या घरी पैशांचा विषय निघाला, कारण फुफींच्या शेळ्यांवर दोन माणसांचे भागत नाही. माहिती कामाची आहे म्हणून सांगतो. ज्या मुलांचे पालक सांभाळू शकत नाहीत त्यांच्यासाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २,२५० रुपये. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये ४,००० रुपये. दोन्ही अठरा वर्षांपर्यंत. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलीला राज्याच्या मनोधैर्य योजनेतून मदत मिळते, ही योजना ऑक्टोबर २०१३ पासून आहे आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मागावी लागते. वेठबिगारीतून किंवा तस्करीतून सुटलेल्यासाठी केंद्राची वेगळी योजना आहे, अतिशय गंभीर प्रकरणात तीन लाखांपर्यंत, पण त्यासाठी सुटकेचा दाखला हवा आणि तो महसूल अधिकारी देतात. बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्यांसाठी एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची तरतूद कायद्यात आहे. यातली एकही रक्कम आपोआप दारात येत नाही. कोणीतरी चार फेऱ्या मारणारा लागतो, आणि फुफींना एसटीचे तिकीट, दिवसाचा रोज आणि "कशासाठी आला?" हा खिडकीवरचा मोठ्या आवाजातला प्रश्न, तिन्ही परवडत नाहीत.

इथे जमातीचे काम आहे असे आम्ही म्हणालो. जकातीच्या आठ हक्कदारांत माना सोडवण्याची, म्हणजे गुलामीतल्या माणसाला मोकळे करण्याची एक जागा कुरआनने ठेवली आहे. ती जागा आता इतिहासजमा झाली असे समजून आपण पुढच्या रकान्याकडे वळतो. सूरह नूरमध्ये तर मुलींना बळजबरीने धंद्याला लावू नका अशी ताकीद आहे, आणि ज्यांच्यावर बळजबरी झाली त्यांच्यासाठी अल्लाहच्या क्षमेचा उल्लेख आहे. फुफींच्या दारात न येणाऱ्या चाचांना कोणीतरी हे जुम्याच्या खुतब्यात ऐकवायला हवे, नाव न घेता.

बाजी मात्र खुतब्यापेक्षा शिलाई मशीनवर घसरल्या. "ज्याला मदत करायची तो मशीन घेऊन येतो. फोटो काढतो. गावात आधीच पन्नास मशिनी आहेत, ब्लाउज शिवायला बाई कुठून आणायच्या? तिला विचारा ना तिला काय हवे." त्यांनी विचारले होते. पोरीला दहावी करायची आहे. आठवीत शाळा सुटली. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येते. त्यासाठी जुन्या शाळेचा दाखला लागतो. दाखला मिळाला, त्यात घोळ निघाला. दाखल्यावर 'शेख' आधी आणि बापाचे नाव मध्ये, आधारवर 'शेख' शेवटी आणि बापाचे नाव अर्धेच. आपल्या घरांत हे दुखणे कोणाला नवीन आहे? पण या पोरीच्या बाबतीत नाव दुरुस्त करायला बापाची सही, बापाचे कागद आणि गावातल्या दोन माणसांची ओळख लागते, म्हणजे ज्या गावाने तिला घेतले नाही त्याच गावात जाऊन ती मागायची. चाचा तिथल्या ओळखीच्या माणसांत पहिले.

निघायच्या दिवशी सकाळी फुफींकडे पुन्हा गेलो. बाप आला होता. ओसरीवर भिंतीला टेकून बसलेला, आमच्याकडे न बघणारा माणूस, पायाशी बाजरीचे गाठोडे. बाजींनी कागदांची प्लॅस्टिकची पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली आणि कुठे कुठे सही करायची ते पेन्सिलने खूण करून दाखवले. त्याने केल्या. एका ठिकाणी ओळखीसाठी दुसरे नाव हवे होते. "भावाला विचारतो," तो म्हणाला. फुफी आतून म्हणाल्या, "विचारू नको, घेऊन ये." तो काही बोलला नाही. पिशवी मात्र त्याने परत दिली नाही, आपल्या गाठोड्याच्या रिकाम्या पोत्यात नीट गुंडाळून घेतली.

पोर या वेळी दारापर्यंत आली. आमच्या घरच्यांना तिने विचारले, परीक्षेचे केंद्र कन्नडला येईल की इथेच? बाजींनी उत्तर दिले की ते बोर्ड ठरवते, आधी नाव तर एक होऊ दे. मग तिने विचारले, भूमितीचे जुने पुस्तक चालेल का, फुफींच्या शेजारणीकडे एक आहे, पण त्याची शेवटची पाने नाहीत.